कंबरदगड : मेसोअमेरिकेच्या चेंडूखेळातली शिल्पं आणि त्यांवरची बळीची चित्रं (आधीचं शीर्षक : दगडी जू)

पाषाणवेल

गेल्या वर्षी कामानिमित्त मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात तीन आठवडे राहायचा योग आला. एक रविवार मोकळा मिळाला, तो हलापा शहरातल्या मानवशास्त्र संग्रहालयात घालवला. उतारावर बांधलेली लांबलचक इमारत आहे. एक दालन संपलं की चार पायऱ्या उतरायच्या, बाजूला झाडांनी भरलेलं अंगण, मग पुढचं दालन. लोक तिथे येतात ते इथल्या फार प्राचीन ओल्मेक लोकांनी घडवलेली सात प्रचंड दगडी डोकी पाहायला. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण माझी दुपार गेली ती एका वेगळ्याच वस्तूपुढे.

घोड्याच्या नालाच्या आकाराचा, हिरवट, तुळतुळीत घासलेला दगड. लांबी हातभर, जाडी चार-पाच बोटं. अंगभर एकमेकांत गुंतलेली वेटोळी कोरलेली. खालच्या पाटीवर नाव होतं ‘युगो’.

मला स्पॅनिश जेमतेम येतं, पण हा शब्द कुणी सांगायची गरज पडली नाही. युगो म्हणजे जू. स्पॅनिशमधला युगो, लॅटिनमधला युगुम, संस्कृतातला युग आणि आपल्या बैलाच्या मानेवरचं जू हे सगळे एकाच मुळातून आलेले शब्द. इतक्या दूरच्या गावात आपल्या गोठ्यातला शब्द भेटल्याचा आनंद झाला. आणि मग जाणवलं, की हे नाव इथे बसतच नाही. स्पॅनिश येण्याआधी त्या खंडात बैल नव्हते, घोडे नव्हते, नांगर नव्हता. जू घालायचं कुणाच्या मानेवर?

नाव दिलं ते नंतर आलेल्यांनी. आकार जुवासारखा दिसला, म्हणून जू. याच कुळातल्या दुसऱ्या दगडाला ते ‘आचा’ म्हणतात, म्हणजे कुऱ्हाड. पण तो असतो माणसाच्या, गिधाडाच्या नाहीतर कवटीच्या चेहऱ्याचा पाचरीसारखा पातळ दगड, आणि त्याने काहीही तोडता येत नाही. तिसरा ‘पाल्मा’, म्हणजे ताडाचं पान. हा उंच, वर पसरत जाणारा आणि बुडाशी खोलगट. तिन्ही नावं चुकीची, आणि तिन्ही पक्की चिकटली.

हे दगड मुख्यतः मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याचे, साधारण इ.स. ३०० ते ९०० या काळातले. पुष्कळसे थडग्यांत सापडले. त्यांचा उपयोग काय, यावर बरीच वर्षं तर्क चालले. १९४६ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले गॉर्डन एकहोम यांनी हे दगड चेंडू खेळणाऱ्यांच्या मातीच्या बाहुल्यांशेजारी ठेवून पाहिले. बाहुल्यांच्या कमरेला जाडजूड पट्टा होता. आकार तोच. म्हणजे हे खेळाडूच्या कमरेभोवती बसायचं! आचा आणि पाल्मा त्या पट्ट्यावर पुढून उभे करायचे. कोरीव पटलांवरच्या खेळाडूंच्या अंगावर ते तसेच दिसतात. पाल्माचं बूड खोलगट का, तेही त्यातून उलगडलं.

मेसोअमेरिकेतला, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, हा खेळ असा होता : भरीव रबराचा जड चेंडू, हात लावायचा नाही, मारायचा तो खुब्याने. दोन लांब समांतर भिंती, मध्ये चिंचोळं मैदान. असली हजाराहून जास्त मैदानं आजवर नोंदली गेली आहेत. प्रत्यक्ष खेळताना पट्टा लाकूड, चामडं आणि कापसाचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दगडी पट्ट्यांचं वजन वीस किलोच्या घरात जातं. ते समारंभाचे, मानाचे आणि मेल्यावर सोबत नेण्याचे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. या दगडांवर सगळ्यांत जास्त वेळा दिसतो तो एक बेडूक. नालाच्या गोल भागावर त्याचा चेहरा आणि आ वासलेलं रुंद तोंड, दोन्ही बाजूंना दुमडलेले पाय. हा धरणीचा जीव. तिथल्या समजुतीत जमीन म्हणजे जबडा उघडून बसलेलं जनावर. काचेच्या पेटीत हा दगड आडवा पडलेला असतो, तेव्हा आपल्याला एक नक्षीदार वस्तू दिसते. पण तो मनाने कमरेला बांधून पाहा. खेळाडू कमरेपर्यंत धरणीच्या तोंडात उभा आहे. अर्धं अंग वर उजेडात, अर्धं खाली पाताळात. त्या शिल्पकाराने दगड निम्माच घडवला होता. उरलेलं निम्मं शिल्प म्हणजे तो पट्टा घालणारा माणूस.

तिथून मी वेराक्रूझमधल्याच एल ताहीन या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला गेलो. दक्षिणेकडच्या चेंडू-मैदानाच्या भिंतींवर सहा कोरीव पटलं आहेत. त्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर हे फार लांबेल. कुणी हे पाहिलं असेल, काही वाचलं असेल तर जरूर लिहा. आणि या ‘जू’ला मराठीत काय म्हणावं तेही सुचवा.

---

माळरान

उत्तम लेख. आम्ही २०१८ साली युकातानला चिचेन इत्सा हे माया लोकांचं जुनं शहर पाहिलं. मैदान अवाढव्य आहे. १६८ मीटर लांब, ७० मीटर रुंद असं पाटीवर होतं. भिंतीत साधारण सहा मीटर उंचीवर दगडी कडी, तिच्यावर एकमेकांना विळखा घातलेले पिसांचे साप. आमच्या वाटाड्याने छातीठोक सांगितलं, की जिंकणाऱ्या संघाच्या नायकाचाच बळी देत, कारण देवाला उत्तम तेच द्यायचं. हे खरं आहे का? मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण विचारायचं कुणाला?

---

पाषाणवेल

माळरान, हा प्रश्न येणारच होता, बरं झालं लगेच आला.

भिंतीच्या तळाशी जे कोरीव पट्टे आहेत तेच साक्षीला घेऊ. प्रत्येक पट्ट्यावर समोरासमोर दोन संघ, सात-सात जण. मधोमध एक मोठं वर्तुळ, तो चेंडू, आणि चेंडूत कवटी. डावीकडच्या संघातला पहिला माणूस एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात कापलेलं मुंडकं धरून उभा आहे. उजवीकडच्या संघातला पहिला एका गुडघ्यावर टेकलाय, त्याला डोकं नाही. मानेतून सात धारा निघाल्यात. त्यांतल्या सहा धारा साप झाल्यात आणि सातवी पानाफुलांनी लगडलेली वेल.

दगड एवढंच सांगतो. मारणारा एका संघातला, मरणारा समोरच्या. जिंकलं कोण, हे तिथे लिहिलेलं नाही. पण आपल्याच विजयी नायकाला मारलं असतं तर सुरी समोरच्याच्या हातात का असती? मला तरी हा हरलेला वाटतो. माया राज्यांत पकडलेल्या शत्रूला खेळायला लावून मग मारत, याच्या खुणाही मिळतात. याश्चिलान या माया शहरातल्या ३३ क्रमांकाच्या इमारतीसमोर कोरीव पायऱ्या आहेत. त्यांतल्या सातव्या पायरीवर राजा चौथा पक्षी-जॅग्वार खेळतोय आणि जिन्यावरून गडगडत येणाऱ्या चेंडूच्या आत एक माणूस मोळीसारखा बांधलेला आहे. तो कैदी. तिथे ‘उत्तम ते देवाला’ असा भाव मला तरी दिसत नाही. शत्रूची मान मोडल्याचा जाहीरनामा दिसतो.

---

अनवट

पण मग वाटाडे असं का सांगतात?

---

पाषाणवेल

अनवट, मला वाटतं ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. स्वतःहून मरायला जाणारा विजेता ही गोष्ट सहन होते. हात बांधलेला कैदी सहन होत नाही. पण दगडावर कैदी आहे, आपण त्याच्याकडे पाठ फिरवू नये.

---

चैत्रपालवी

ती सापांची आणि वेलीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. याचा पोपोल वूहमधल्या कथेशी संबंध असणार ना? ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्वातेमालातल्या किचे माया लोकांचा हा ग्रंथ. सोळाव्या शतकात त्यांच्याच भाषेत, पण रोमन लिपीत लिहिला गेला. पुढे फ्रान्सिस्को हिमेनेझ या पाद्र्याने १७०० नंतर लगेचच्या वर्षांत त्याची नक्कल केली. ती नक्कल आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

हुन हुनाहपू आणि त्याचा भाऊ सतत चेंडू खेळायचे. धपधप आवाजाने खाली पाताळातले, शिबाल्बाचे, यमदूत चिडले. त्यांनी दोघांना खेळायला म्हणून बोलावून घेतलं आणि मारलं. हुन हुनाहपूचं डोकं एका वाळक्या झाडावर टांगलं, तर झाडाला एकाएकी फळं धरली. गोल, कवटीएवढी, थेट खोडाला लागणारी. त्यांत डोकं कुठलं आणि फळ कुठलं ते ओळखू येईना. पाताळातल्या एका सरदाराची मुलगी ते झाड पाहायला गेली. डोकं तिच्या तळहातावर थुंकलं आणि तिला दिवस गेले. तिला जुळे झाले, हुनाहपू आणि श्बालान्के. त्यांनी मोठं होऊन बापाचं खेळायचं सामान शोधून काढलं, आणि पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच बोलावणं. वटवाघळांच्या घरात हुनाहपूचं डोकं उडतं आणि यमदूत त्याच डोक्याने चेंडू खेळतात. मग श्बालान्के हुशारीने भावाला डोकं परत मिळवून देतो.

म्हणजे डोकं, चेंडू आणि फळ हे तिन्ही एकच. चिचेनच्या चेंडूत कवटी का, हे मला आज तुमच्या प्रतिसादामुळे उमगलं.

---

पाषाणवेल

चैत्रपालवी, फार सुंदर सांगितलंत. तुमच्या गोष्टीला जोड देणारा एक दगड वेराक्रूझमध्येच सापडलाय, आपारिसिओ या ठिकाणी. त्यावर एक खेळाडू बसलेला आहे. कमरेला तोच जाड पट्टा, पुढे पाल्मा, आणि मुंडकं नाही. मुंडक्याच्या जागी सात साप एखाद्या झुडपासारखे वर फुटलेत. मी हा दगड हलापालाच पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. त्याची बैठक इतकी सैल आणि शांत आहे, की डोकं नसल्याचं क्षणभर विसरायला होतं.

सात सापच का? मेक्सिकोत पुढे साम्राज्य उभारणाऱ्या अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘चिकोमेकोआत्ल’ म्हणजे सात साप, आणि हेच त्यांच्या मक्याच्या देवीचं नाव. आपारिसिओचा दगड त्या देवीच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे सरळ बरोबरीचं चिन्ह मी काढणार नाही. पण चिचेनला सातवी धार वेल होते आणि इथे मानेतून सातच साप फुटतात, तेव्हा रक्तातून पीक उगवतं ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे असं म्हणायला जागा आहे. मक्याचं कणीसही ताटावरून खुडलं जातं आणि त्याचाच दाणा पुन्हा पेरतात.

---

टाकीचेघाव

मी नेहमी वाचतो, लिहीत नाही. पण हा विषय आमचा आहे. आमच्या घरात तीन पिढ्या दगडाचं काम. आजोबा पाटे-वरवंटे आणि जाती करायचे, मी देवळांची कामं करतो.

तुम्ही दिलेले फोटो मोठे करून पाहिले. मला एकच विचारायचंय, की यांच्याकडे लोखंड होतं का? कारण नालाचा आकार दगडात काढणं हे नुसतं नक्षीकाम नाही. बाहेरची गोलाई कुणीही काढेल. आतली बाजू काढताना एक घाव वाकडा बसला, की एक भुजा मुळातून निखळते. पंधरा दिवसांची मेहनत एका घावात जाते. आणि आत तर काठोकाठ सारखी जाडी ठेवलीय. ही टाकीची खूण नाही. हे घासून काढलेलं आहे.

---

पाषाणवेल

टाकीचेघाव, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचं भाग्य.

लोखंड नव्हतं. तांबं पुढे पश्चिम मेक्सिकोत आलं, पण या दगडांच्या कामाला त्याचा उपयोग नव्हता. जास्त कठीण दगडाच्या हातोड्याने ठेचून ढोबळ आकार आणायचा, मग वाळू आणि पाणी घालून दोरीने किंवा दुसऱ्या दगडाने घासत राहायचं. भोकं पाडायची तर पोकळ नळी वाळूत बुडवून तळहातांमध्ये फिरवायची. तुम्ही फोटोवरूनच ‘घासलेलं आहे’ हे ओळखलंत, आणि तसंच आहे.

तुमच्या अनुभवाने एक सांगाल का? आतली बाजू गुळगुळीत करण्यात एवढा वेळ का घालवला असेल? ती बाजू तर कुणाला दिसणार नाही.

---

टाकीचेघाव

दिसणार नाही, पण लागणार ना. आतली बाजू अंगाला लागते. जात्याचा खुंटा आम्ही हाताला टोचू नये म्हणून घासतो, तसंच हे. नुसतं ठेवायचं असतं, तर आतून खडबडीत सोडलं असतं. हा दगड कुणीतरी, एकदा का होईना, कमरेला लावलेला आहे.

---

कार्बनसाखळी

दगडाबद्दल बोलणं चाललंय, पण चेंडूशिवाय यातलं काहीच नसतं, म्हणून थोडं रबराबद्दल. माझं शिक्षण पॉलिमरचं.

कास्तिया इलास्तिका नावाच्या झाडाचा चीक नुसता वाळवला तर ठिसूळ होतो, उसळत नाही. तिथल्या लोकांनी त्यात एका वेलीचा रस घातला. आपल्या गणेशवेलीच्याच कुळातली ही वेल, रात्री पांढरी फुलं येणारी. तिच्या रसातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे चिकातल्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात. १९९९ साली एमआयटीच्या डोरोथी हॉस्लर, सँड्रा बर्केट आणि मायकेल टार्कानियन यांनी हे प्रयोगाने दाखवून दिलं. पुढच्या प्रयोगांत असं दिसलं, की चीक आणि रस निम्मे-निम्मे घेतले तर चेंडू सगळ्यांत जास्त उसळतो, आणि रस कमी केला तर वहाणेच्या तळव्याला हवं तसं झिजेला टिकणारं रबर मिळतं. चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर पक्कं करणं साधलं ते १८३९ मध्ये. वेराक्रूझमध्येच एल मानाती नावाच्या झऱ्याच्या दलदलीत देवाला वाहिलेले रबराचे चेंडू सापडलेत, ते इ.स.पू. १६०० च्या सुमाराचे.

ओल्मेक हे नावही अझ्टेकांनी दिलेलं, अर्थ ‘रबराच्या मुलखातले लोक’. पुढे अझ्टेक साम्राज्याला तोच्तेपेक प्रांताकडून खंडणीत रबराचे १६,००० गोळे जात, अशी मेंदोसा चित्रपोथीत नोंद आहे.

एक शंका. चेंडू तीन-चार किलोचा, वेगाने येणारा. कमरेला दगड असेल तर तो धक्का जास्त चांगला परतवेल ना? मग दगडी पट्ट्याने खेळत नव्हते हे कशावरून?

---

पाषाणवेल

कार्बनसाखळी, धक्क्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण खेळाडूला जमिनीवर झेपावं लागतं, खुबा जवळजवळ मातीला टेकवावा लागतो. चिंकुल्तिकची जी दगडी तबकडी मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्यावर हाच क्षण कोरलाय. तारीख इ.स. ५९१ ची. खेळाडू एका गुडघ्यावर, पाठ ताठ, चेंडू खुब्याला भिडतोय. वीस किलोचा दगड बांधून अशी झेप एकदा घेता येईल, दिवसभर नाही. शिवाय आदळला तर दगडच फुटेल, आणि इतकी बारीक नक्षी कुणी आदळायला काढत नाही. दगडी पट्टा बांधून मिरवणुकीत चालणं, खेळाआधी उभं राहणं हे मात्र सहज शक्य आहे. टाकीचेघाव म्हणतात ते त्यात बसतं.

---

अनवट

ताहीनच्या पटलांबद्दल लिहिणार होतात. आम्ही वाट पाहतोय.

---

पाषाणवेल

हो, लिहितो.

एल ताहीन पापान्तला गावाजवळ आहे, भोवती तोतोनाक लोकांची वस्ती. १७८५ साली दिएगो रुईस नावाचा स्पॅनिश अंमलदार चोरून लावलेली तंबाखू शोधत रानात हिंडत होता. तंबाखूचा मक्ता सरकारचा होता. त्याला झाडोऱ्यात कोनाड्यांचा पिरॅमिड दिसला. ३६५ कोनाडे मोजले जातात त्याचे. पुढे १९३९ पासून होसे गार्सिया पायोन यांनी तिथे कित्येक वर्षं खोदकाम केलं. एकट्या या शहरात वीसच्या आसपास चेंडू-मैदानं आहेत.

दक्षिणेचं मैदान ६० मीटरच्या घरातलं. दोन्ही भिंतींवर तीन-तीन पटलं, दोन टोकांना आणि एक मध्ये. मी सकाळी आठला पोचलो होतो. ऊन तिरपं असलं की उठाव नीट दिसतो. दुपारी सगळं सपाट होऊन जातं. जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

एका पटलावर दोन खेळाडू समोरासमोर उभे आहेत, तोंडांतून बोलण्याच्या वेलांट्या निघाल्यात, मध्ये चेंडू. बाजूला जनावरांच्या तोंडाच्या आकृत्या. दुसऱ्या एका पटलावर कुणीतरी ओट्यावर आडवा झालाय, शेजारी वाद्यं वाजताहेत आणि त्याच्यावर गरुडाच्या सोंगातला नर्तक पंख पसरून आहे.

आणि ईशान्येच्या कोपऱ्यातलं पटल. तिघे जण. मधल्याला एकाने मागून दंडांना धरलंय, दुसरा त्याच्या छातीवर सुरी टेकवतोय. वरून हाडांचा सापळा झालेली देवता खाली झेपावतेय, ते घ्यायला. पहिल्या नजरेत इतकंच दिसतं आणि माणूस मान वळवतो. पण तिघांच्या कमरा पाहा. तिघांनाही पट्टा आहे. धरणारा, मारणारा आणि मरणारा, तिघेही खेळाडू. कुणी जल्लाद बाहेरून आलेला नाही. चौथा मैदानाच्या भिंतीवर बसून पाहतोय, आणि कोरणाऱ्याने त्या भिंतीचा उतारही दाखवलाय, म्हणजे हे देवळात नाही, मैदानातच चाललंय.

मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते मधल्या पटलांनी. तिथे घायपाताची झाडं आहेत आणि पुल्केचं टाकं आहे. पुल्के म्हणजे घायपाताच्या रसाची आंबवलेली दारू, आपल्या ताडीसारखी पांढुरकी. तिथे एक देव स्वतःचं अंग टोचून रक्त त्या टाक्यात सोडतो. टाक्यात कुणीतरी माशाच्या रूपात आहे. म्हणजे कोपऱ्यातल्या पटलावर माणूस देतो आणि मध्ये देव परत देतो. कोपऱ्यातलं पटल सगळीकडे छापलं जातं आणि मधलं वगळलं जातं, याचं मला वाईट वाटतं. एका हाताचा व्यवहार दाखवून दुसरा हात झाकल्यासारखं होतं ते.

---

चैत्रपालवी

पाषाणवेल, वाचलं आणि थोडा वेळ काही लिहवेना. एक मनातलं विचारते, राग मानू नका. देवाणघेवाण म्हटलं तरी त्या मधल्या माणसाला कुणी विचारलं होतं का? आपण कल्पनेचं सौंदर्य बघतो तेव्हा त्याचं मरण हलकं होत नाही ना?

---

पाषाणवेल

राग कसला, हा प्रश्न मलाही तिथे उभं असताना पडला होता. हलकं होऊ नये. म्हणून तर मी ‘स्वखुशीने मरणारा विजेता’ ही गोष्ट मानायला तयार नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवं, की शेकडो वर्षांत खेळले गेलेले बहुतेक डाव साधे असणार. गावाचे, पैजांचे. दिएगो दुरान या पाद्र्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय, की लोक दागिने, पिसं, गुलाम आणि शेवटी स्वतःलाही पणाला लावत. कड्यातून चेंडू गेला तर पाहणाऱ्यांच्या अंगावरच्या शाली जिंकणाऱ्याच्या, असंही त्या काळच्या लिखाणात आहे. कडं लहान आणि उंच, त्यामुळे असं क्वचितच व्हायचं. दगडात मात्र कोरला गेला तो राजाचा आणि देवाचा खेळ.

---

नकाशा

राजाच्या खेळावरून कोपानची आठवण झाली. होंडुरासमधलं माया शहर. तिथला राजा वाशाक्लाहून उबाह काविल याने इ.स. ७३८ च्या जानेवारीत नव्याने बांधलेल्या चेंडू-मैदानाची प्रतिष्ठापना केली. उतरत्या भिंतींवर मकाव पोपटांची दगडी डोकी बसवलेली आहेत. आणि चार महिन्यांच्या आत किरिग्वाच्या राजाने त्याला पकडून त्याचं डोकं उडवलं. हा किरिग्वाचा राजा त्याचाच मांडलिक. त्याला गादीवर याच राजाने बसवलं होतं, ७२५ मध्ये. दोन्ही तारखा शिलालेखांतून वाचल्या गेल्यात. आम्ही गेलो तेव्हा मैदानात एक चिटपाखरू नव्हतं, आणि वरून खरे मकाव ओरडत गेले.

---

दूरदेशी

मी बर्लिनला असतो. यातले काही दगड इथे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दालेमच्या जुन्या संग्रहालयात मी ते २०१२ साली पाहिले. ग्वातेमालातल्या सांता लुसिया कोत्सुमालग्वापा गावाजवळ बिल्बाओ नावाच्या मळ्यात सापडलेल्या आठ उंच शिळा. माणसापेक्षा उंच. बहुतेकींवर चेंडू खेळणारा, मान वर करून हात उंचावलेला, आणि वरून ज्वाळांमध्ये उतरणारी देवता. एका शिळेवर खेळाडू हृदय वर धरून उभा आहे. दुसऱ्या एकीवर हातात मुंडकं, आणि चार कोपऱ्यांत चार लहान आकृत्या, त्यांच्याही हातात एकेक मुंडकं.

१८७६ साली अडॉल्फ बास्टियान यांनी हे दगड पाहिले आणि बर्लिनसाठी मिळवले. वजन कमी व्हावं म्हणून त्यांच्या पाठी कापून काढल्या, कोरीव बाजू तेवढी ठेवली. बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आणले आणि सान होसेच्या बंदरात जहाजावर चढवताना एक दगड समुद्रात पडला. तो अजून तिथेच आहे.

मी तिथे बराच वेळ कडेने उभा राहून त्या कापलेल्या पाठी शोधत होतो. टाकीचेघाव यांचं वाचल्यावर आज पुन्हा आठवलं.

---

टाकीचेघाव

दगडाची पाठ कापली म्हणजे तो दगड राहिला नाही, फरशी झाली. वाईट वाटलं वाचून.

---

माळरान

एक व्यावहारिक प्रश्न. परदेशात लिलावात असे आचा विकायला असतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना घ्यायची इच्छा आहे. घ्यावा का?

---

पाषाणवेल

माझं मत विचाराल तर नाही. मेक्सिकोत १९७२ च्या कायद्याने अशा सगळ्या वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. बाहेर फिरणाऱ्या आचा आणि पाल्मांपैकी पुष्कळांची कुठल्या थडग्यातून, कुणाशेजारून आल्या याची नोंदच नाही. खोटेही खूप आहेत. आणि खरा निघाला, तर ते जास्त वाईट, कारण मग तो कुणाच्या तरी उशाचा काढलेला असतो.

---

उत्तरेचावारा

उशिरा येतोय. मी मेक्सिको शहरात राहतो. खेळ संपलेला नाही, एवढं सांगायला लिहितोय. वायव्येकडच्या सिनालोआ राज्यात तो ‘उलामा’ नावाने टिकून राहिला, आणि इथे शहरात अस्कापोत्साल्को भागात २०१९ साली त्यासाठी नवं मैदान झालं. मुलीही खेळतात. मी दोनदा गेलो.

चेंडू हातात घेतला तेव्हा खांदा खाली आला. कलिंगडासारखा दिसतो, पण भरीव. खेळाडू आधी कापड गुंडाळतात, मग चामड्याचा पट्टा करकचून आवळतात. आवळायला दुसरा माणूस लागतो, एकट्याला जमत नाही. आणि आवाज! चेंडू खुब्यावर बसला की धप् असा खोल आवाज येतो, तो पायाखालच्या जमिनीतून कळतो. चैत्रपालवींनी सांगितलेल्या गोष्टीत पाताळातले लोक आवाजाने चिडतात ना, ते तिथे उभं राहिलं की पटतं.

खेळ झाल्यावर एका मुलीने पट्टा सोडला. खुब्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. तिने तो दाखवला, हसली, आणि पुन्हा पट्टा बांधायला मैत्रिणीला हाक मारली.

---

अनवट

नावाचं राहिलंच. मला ‘मेखला’ सुचतं. कमरेचा दागिना, शिवाय देवळाच्या आणि मूर्तीच्या वर्णनात रुळलेला शब्द.

---

चैत्रपालवी

मेखला सुंदर आहे, पण फार नाजूक वाटतो. वीस किलोला मेखला म्हणवत नाही. ‘कमरपट्टा’ म्हणावं तर चामड्याचा डोळ्यांपुढे येतो.

---

टाकीचेघाव

आमच्यात उगाच मोठी नावं ठेवत नाहीत. उंबऱ्याचा दगड, जोत्याचा दगड, कोपऱ्याचा दगड. जिथे बसतो त्या जागेचं नाव. हा कमरेला बसतो. कंबरदगड म्हणा.

---

पाषाणवेल

टाकीचेघाव, शीर्षक बदललं आहे.